एकाच परसात पाच-सहा प्रकारची गांडुळं निघाली. ही लहान-मोठी आहेत की जातीच वेगळ्या?

परसातली (वसमत, जि. हिंगोली)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं नीट सांगितल्याशिवाय तुम्हाला उत्तर देता येणार नाही.

घरामागं आमचं बारा बाय वीस फुटांचं परस आहे. माती आमच्याच वावरातली काळी, दोन ट्रॉल्या आणून टाकलेली, वर दरसाल शेणखत. मागल्या वर्षी मिरगाच्या तोंडावर एका विक्रेत्याकडून दोन किलो गांडूळ कल्चर आणलं. "वाफ्यात सोडा, माती भुसभुशीत होते" एवढंच त्यानं सांगितलं. संध्याकाळी ओल करून वांग्याच्या आणि दोडक्याच्या वाफ्यात सोडलं. पोळ्याच्या सुमाराला वाफा उकरला तर त्यातलं एकही हाताला लागलं नाही. पैशाचं एक वेळ सोडा, पण जिवंत जीव विकत आणून आपणच मारले, ही टोचणी वर्षभर राहिली. थोडी गांडुळं कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकली होती, ती मात्र जगली आणि वाढली.

आता यंदाचं. गेल्या आठवड्यात हळदीचं बेणं लावायला कुदळीनं खणत होते. दोन चांगले पाऊस झालेत. पाहावं तिथं गांडुळं! सासूबाई म्हणाल्या, "ही आपली दानवं आहेत, पहिल्यापासून असतातच." पण मुलीनं स्टीलच्या ताटात पाणी घेऊन एकेक धुतलं तेव्हा कळलं की सगळी एकसारखी नाहीत.

ड्रममधली लाल आहेत, बोटाएवढी, अंगावर पिवळसर आडवे पट्टे, शेपटीचं टोक पिवळं. दाबलं गेलं की पिवळं पाणी सोडतात, त्याला उग्र वास येतो. केळीचा खुंट कुजायला टाकलाय त्याखाली बारीक जांभळी निघाली. उन्हात धरली की पाठीवर निळी झाक मारते, आणि इतकी चपळ की ताटाच्या कडेवरून दोनदा खाली पडली. हळदीच्या सरीत वीतभर खाली निघाली ती फिकट मातकट, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, तोंडाकडचा भाग तेवढा जांभळट. न्हाणीचं पाणी जातं तिथं गडद तपकिरी, चांगली जाडजूड. हात लावला की सापासारखी झटके देतात, मुलगी पहिल्यांदा घाबरलीच. त्याच जागी इंच-दीड इंचाची गुलाबी, दोऱ्यासारखी.

शेवटचं मोगऱ्याच्या कुंडीत निघालं. काळं, चकचकीत, रिफिलएवढं जाड, जेमतेम वीतभर. ओल्या मातीतून काढलं तरी अंगाला माती चिकटलेली नव्हती. सासूबाई लगेच म्हणाल्या, "हे दानवं नव्हं." मुलीनं ते परत कुंडीत सोडलं.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. ही एकाच जातीची पिल्लं आणि मोठी आहेत, की जाती वेगळ्या? घरच्या घरी ओळखायची कशी? आणि ड्रममधली वाफ्यात किंवा वाफ्यातली ड्रममध्ये हलवली तर चालेल का? मागल्या वर्षीची चूक पुन्हा करायची नाही.

---

धुऱ्यावरचा (औसा)

ताई, जातीबितीचं मला सांगता यायचं नाही, पण माझ्या वावरातलं पाहिलेलं सांगतो. आमच्याकडं बी दानवंच म्हणतेत. पाच एकर सोयाबीन-तूर आहे. पाऊस पडला की धुऱ्यावर गवतात बारीक गोळ्यांचे ढिगारे दिसतेत, चहापत्ती सांडल्यावानी. दोन पावलं आत, जिथं दरवर्षी रोटा (रोटाव्हेटर) फिरतो, तिथं एक न्हाई. माती तीच, पाऊस तोच. मागल्या तीन सालांपासून एका एकरात रोटा बंद केला, सोयाबीनची गुळी पेटवून न देता तशीच पसरून ठेवली. यंदा त्या एकरात धुऱ्यापासून दहा-बारा पावलं आत ढिगारे आलेत. विकत काहीच आणलेलं न्हाई.

म्हणून म्हणतो, तुमची वाफ्यातली जिथं आहेत तिथंच राहू द्या. हलवू नका.

---

प्राणीशास्त्र_३१_वर्षे (नांदेड)

ताई, तुम्ही गांडुळं धुऊन पाहिलीत, निम्मं काम तिथंच झालं. माखलेल्या गांडुळाचा दिसतो तो मातीचा रंग, त्याचा स्वतःचा नाही. आणि पोटात माती भरलेली असेल तर ती पातळ कातडीतून दिसते, तिनंही फसायला होतं.

पिल्लू की मोठं, हे आधी ठरवा. वयात आलेल्या गांडुळाच्या पुढच्या अंगाला एक जाडसर, गुळगुळीत पट्टा असतो, बोटात अंगठी घातल्यासारखा. पुस्तकात त्याला क्लायटेलम म्हणतात. अंड्यांचा कोष तिथंच तयार होतो. तुमच्या दीड इंची गुलाबी गांडुळांना भिंगाखाली धरा. पट्टा नसेल तर ती कुणाची तरी पिल्लं आहेत. पट्टा असेल तर ती पूर्ण वाढलेली आहेत, ती जातच लहान. डायकोगॅस्टर नावाच्या वंशातली गांडुळं अशी एवढीशीच असतात आणि कुंड्यांत, न्हाणीच्या ओलीत हमखास सापडतात.

मग मोजा. तोंडापासून पट्टा सुरू होईपर्यंत किती कड्या आहेत? हा एकच आकडा निम्म्याहून जास्त गोष्टी सांगून जातो. वळवळणाऱ्या गांडुळावर मोजायला जाल तर डोळे दुखतील. गार पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, ते मंदावतं. मग मोबाईलवर जवळून फोटो काढा आणि फोटो मोठा करून मोजा. विद्यार्थ्यांकडून मी टाचणीच्या टोकानं मोजून घेत असे. आता फोन आहे, त्याचा फायदा घ्या.

ड्रममधल्या लाल पट्टेरी गांडुळात पट्टा बराच मागं असतो, पुढं चोवीसच्या आसपास कड्या भरतील. शिवाय तो खोगिरासारखा पाठीवर बसलेला असतो, पोटाखालून पूर्ण वेढा घेत नाही. वर्णनावरून ती आयसेनिया फेटिडा. तिच्या नावातल्या फेटिडाचा अर्थच दुर्गंधी, तुम्ही म्हणता तो पिवळ्या पाण्याचा वास तोच. ही मूळची युरोपातली. गांडूळखतासाठी जगभर विकली जाते आणि तुम्हालाही बहुधा तीच मिळाली.

बाकीच्या तिघांत पट्टा बारा-तेरा कड्यांनंतर लगेच सुरू होईल. केळीखालची चपळ, निळी झाक असलेली ती पेरिओनिक्स, बहुतेक पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. ही आपल्याकडची, दक्षिण आशियातली. सरीतली फिकट, तोंडाकडं जांभळट ती लॅम्पिटो मॉरिशी असावी, भारतात शेताभातात सगळीकडं आढळणारी. न्हाणीजवळची गडद, झटके देणारी ती फेरेटिमाच्या कुळातली, मेटाफायर पोस्थुमा. आमच्या पिढीनं फेरेटिमा पोस्थुमा म्हणून जिची चिरफाड केली, तीच ही, आता नाव बदललंय. हिचा पट्टा चौदाव्या ते सोळाव्या कडीवर, बरोबर तीन कड्यांचा आणि चहूबाजूंनी गुंडाळलेला. त्या तीन कड्यांमधल्या रेघाही दिसेनाशा होतात.

अजून एक करून बघा, मुलीला फार आवडेल. शांत खोलीत कोरड्या कागदावर न्हाणीजवळचं गांडूळ ठेवा आणि कान जवळ न्या. खरखर ऐकू येते. गांडुळाच्या जवळजवळ प्रत्येक कडीला बारीक राठ केस असतात, कागदावर ते घासतात. फेरेटिमा, लॅम्पिटो, पेरिओनिक्स यांच्यात ते कडीभोवती गोल रांगेत असतात, माळेतल्या मण्यांसारखे. आयसेनियाला एका कडीला फक्त आठ, दोन-दोनच्या चार जोड्या. ऐकून झालं की लगेच ओल्या मातीत ठेवा. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, कातडी वाळली की ते मरतं.

एवढं लक्षात ठेवा की मी जी नावं दिली ती वर्णनावरून. जात खात्रीनं सांगायची तर गांडूळ आतून उघडून पाहावं लागतं. तुमच्या कामासाठी त्याची गरज नाही, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जातीपेक्षा राहणीवर ठरतं.

फ्रान्सच्या मार्सेल बुशे यांनी १९७० च्या दशकात गांडुळांची तीन राहण्या मांडून विभागणी केली. काही वरच्या पालापाचोळ्यात राहतात आणि तोच खातात. काही वरच्या फूटभर मातीत आडवी बिळं करून माती खात फिरतात. काही खोल उभं बीळ करतात आणि रात्री वर येऊन पाला आत ओढून नेतात. आयसेनिया पहिल्या गटातली. तिला कुजकं शेण, ओला पाला, सावली पाहिजे. तुमच्या वाफ्यात तिला काय मिळालं? काळी चिकण माती, खायला नुसतं मुरलेलं शेणखत, आणि पावसाची आठ-पंधरा दिवस उघडीप पडली की तडकणारी भुई. आपली काळी माती ओलीनं फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. आयसेनिया खाली उतरून जीव वाचवणारी नाही. तुमच्याकडून मुद्दाम काही चुकलं नाही, ताई. तुम्हाला पाल्यातला प्राणी मातीसाठी विकला गेला. तो तुम्ही ड्रममध्ये टाकला तिथं जगला, कारण त्याचं घर तेच.

उलट सरीतली लॅम्पिटो उन्हाळ्यात खोल ओलीला जाते आणि पाऊस पडला की वर येते. सासूबाई म्हणतात ते अगदी खरं आहे.

---

परसातली (वसमत)

सर, तुमचा निरोप मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. "तुम्हाला पाल्यातला प्राणी मातीसाठी विकला गेला" इथं आले आणि मला पुढं वाचवेना. वर्षभराची गाठ सुटली.

एक शंका. सरीतली लॅम्पिटो ड्रममध्ये टाकली तर? ती तर इथलीच आहे, टिकेल ना?

---

प्राणीशास्त्र_३१_वर्षे (नांदेड)

इथली खरी, पण मातीतली. चेन्नईचे मृदा-जीवशास्त्रज्ञ डॉ. सुल्तान अहमद इस्माईल यांनी लॅम्पिटो आणि पेरिओनिक्स या दोन देशी जातींवरच गांडूळखताचं काम उभं केलं. पण त्या पद्धतीत तळाला खडी-वाळूचा थर, त्यावर चांगला जाड मातीचा थर आणि मग वर शेण-पाला असतो. लॅम्पिटो मातीत, पेरिओनिक्स वरच्या पाल्यात. तुमच्या ड्रममध्ये नुसता कचरा आहे, तिथं लॅम्पिटोची उपासमार होईल. ताजा कचरा आणि ताजं शेण कुजताना तापतं, तोही त्रास. केळीखालची पेरिओनिक्स मात्र ड्रममध्ये खुशाल हलवा.

---

सर्पमैत्रीण (अंबाजोगाई)

कुंडीतल्या पाहुण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते. काळा, चकचकीत, कोरडा, रिफिलएवढा, माती न चिकटलेला. तो वाळा आहे. साप आहे, पण बिनविषारी आणि माणसाला चावू शकणार नाही इतका लहान. भीती वाटायचं काही कारण नाही.

पुढच्या वेळी खात्री करायची असेल तर चालताना पाहा. गांडूळ लांब होतं, आखडतं, पुन्हा लांब होतं. वाळा अंगाला नागमोडी वळणं देत सरकतो. अंगावर कड्या नाहीत, बारीक खवले आहेत. तोंडाशी भिंग धरलं तर डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात, आणि थांबलात तर जीभ बाहेर येते. शेपटीच्या टोकाला बारीकसा काटा असतो, तो टोचल्यासारखा वाटतो पण त्यात विष नाही. मुंग्या आणि वाळवी यांची अंडी-पिल्लं खातो. तुमच्या कुंडीत मुंग्यांचं घर असणार म्हणून तो तिथं आला.

या जातीत नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि संयोगाशिवाय अंडी घालतात. म्हणून मातीच्या कुंडीतून एक मादी गेली तरी नव्या गावात वंश सुरू होतो, आणि कुंड्यांबरोबरच तो जगभर पोचला आहे. दर पावसाळ्यात मला न्हाणीत निघाला म्हणून दहा तरी फोन येतात, आणि निम्म्या घरांत माझ्या आधी मीठ नाहीतर रॉकेल पोचलेलं असतं. तुमच्या मुलीनं त्याला परत सोडलं, तिला माझा नमस्कार सांगा.

गांडुळासारखा दिसणारा अजून एक प्राणी परसात निघू शकतो. चपटा, बुळबुळीत, डोकं अर्धचंद्रासारखं पसरट, पाठीवर उभ्या रेघा. तो चपटकृमी. तो गांडुळं खातो. दिसला तर नुसत्या हातानं धरू नका, आणि कापू तर अजिबात नका. त्याच्या तुकड्यातून नवा तयार होतो.

---

परसातली (वसमत)

मंडळी, दोन रविवार मोजणी केली, त्याचा हा हिशेब.

सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणं पंचवीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असे तीन खड्डे घेतले, माती गोणपाटावर पसरून हातानं चाळली. हळदीच्या सरीत, जिथं पाचट पसरलं आहे, तिथं १४ निघाली. वांग्याच्या उघड्या वाफ्यात ३. न्हाणीजवळ २२, त्यात निम्मी पिल्लं. सरीत आणि वांग्यात अंतर चार फुटांचं. औशाचे दादा धुऱ्याबद्दल म्हणाले ते माझ्या परसात असं डोळ्यांसमोर आलं. त्याच दिवशी वांग्यालाही पाचट टाकलं.

न्हाणीजवळच्या गुलाबी दोऱ्यांपैकी चार भिंगाखाली धरले. तिघांना पट्टा नव्हता, एकाला होता. म्हणजे पिल्लंही आहेत आणि लहान जातही आहे, दोन्ही एकाच मुठीत.

कागदाचा प्रयोग रात्री केला, पंखा बंद करून. मुलीनं वहीचं पान फाडलं, न्हाणीजवळचं एक जाडजूड गांडूळ अलगद पुसून त्यावर ठेवलं आणि आम्ही तिघी खाली वाकलो. आधी काहीच नाही. मग गांडूळ लांब झालं आणि आवाज आला, अगदी हलका, कुणी नख फिरवावं तसा. सासूबाईंचं वय अडुसष्ट. आयुष्यभर वावरात राबल्या, पण दानव्याचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला. "अगं, हे तर चालताना वाजतंय," म्हणाल्या आणि परत ठेवायला लावलं.

आता अडलेलं सांगते. दुसऱ्या रविवारी सरीच्या खड्ड्यात, अगदी तळाला, एक वेगळं निघालं. निळसर राखाडी, मऊ, चालायला सुस्त. पट्टा आधी दिसेचना. ताट तिरपं धरून उजेडात पाहिलं तेव्हा फिकटसा दिसला. फोटो काढून तिघींनी वेगवेगळं मोजलं. पुढं कड्या नऊ. बारा नाहीत, तेरा नाहीत, नऊच. सर, आमचं मोजायला चुकलं का?

---

प्राणीशास्त्र_३१_वर्षे (नांदेड)

चुकलं नाही. तिघींचं एक आलं म्हणजे बरोबरच आहे. पट्टा दहाव्या कडीपासून, फिकट, अंग निळसर राखाडी: हे ड्राविडा वंशातलं असणार. नावातच द्रविड आहे. हा वंश आपल्याच भागातला, कुणी कुठून आणलेला नाही. याचा पट्टा पेशींच्या एकाच थराचा असतो, म्हणून इतका पुसट दिसतो.

ते होतं तिथंच, तेवढ्याच खोलीवर परत ठेवलंत ना? आणि फोटो मला पाठवा, पट्ट्याजवळचा, पोटाच्या बाजूनं.

---

परसातली (वसमत)

ठेवलं सर, त्याच खड्ड्यात, तळाची माती तळाला आणि वरची वर. वरून पाचटही पांघरलं. पोटाच्या बाजूचा फोटो हलला आहे. काल रात्रीपासून पाऊस धरलाय, उघडला की मुलगी पुन्हा काढणार आहे.